मुद्देमाल म्हणून आलेला कुत्रा सांभाळताना

पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल नोंदवहीत एका ओळीवर गोवा बनावटीच्या दारूचे खोके असतात, पुढच्या ओळीवर नंबरप्लेट नसलेली दुचाकी, आणि त्याच्याही खाली कधीतरी लिहिलेलं सापडतं: ‘कुत्रा, रंग तांबडा, एक नग’. खोके आणि दुचाकी वर्षभर पडून राहिले तरी त्यांना भूक लागत नाही. तांबड्या कुत्र्याला मात्र आज संध्याकाळी जेवायला हवं, उद्या सकाळी फिरायला हवं. खटल्याच्या तारखा पडत जातात. कुत्र्याचं सगळं आयुष्य दहा-बारा वर्षांचं, त्यातली दोन वर्षं पिंजऱ्यात गेली तर ती त्याला कोणीही परत देऊ शकत नाही.

हा लेख गुन्ह्यात जप्त झालेली कुत्री खटला संपेपर्यंत सांभाळायच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी आहे: निवाऱ्यात हातभार लावायला येणारी मुलं, कोपऱ्यातली एक शेड कुत्र्यांसाठी देणाऱ्या गोशाळा, ज्याच्या गळ्यात ‘त्याला खायला घाल’ एवढंच काम पडलंय तो हवालदार, आणि घरी तात्पुरता सांभाळ करायला तयार असलेली माणसं. मी हे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या अनुभवावरून लिहितेय. घाटावर पाऊस आणि हवा वेगळी असल्यामुळे तिथल्या पद्धती इकडे जशाच्या तशा चालत नाहीत.

ठाण्याचा फोन आला की

निघायच्या आधी फोनवरच विचारून घ्या. कुत्री किती आहेत, पिल्लं आहेत का, एखादी गाभण आहे का? कोणी कोणाला चावलंय का? चालता येत नाही असं कोणी आहे का? पंचनामा झालाय की व्हायचाय? गाभण कुत्रीची चौकशी मुद्दाम करा. कुत्रीचे दिवस साधारण ६३. ब्रीडरच्या शेडमधून सोडवलेल्या माद्यांपैकी एखादी आठवड्याभरात व्यायला बसते, आणि दोनाची आठ कुत्री होतात.

जागा नसेल तर नाही म्हणायला शिका. पाच पिंजऱ्यांत नऊ कुत्री कोंबली तर एका जाचातून काढून त्यांना दुसऱ्या जाचात टाकल्यासारखं होतं. अशा वेळी जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीला कळवा, जवळच्या दुसऱ्या संस्थेला विचारा, पण ‘बघू, करू कायतरी’ म्हणून गाडी काढू नका.

सोबत घ्यायच्या वस्तू: दोन मऊ जाड दोऱ्या, जाळीचा मझल (चावू नये म्हणून तोंडावर चढवायची मुसकी), दोन-तीन जुन्या चादरी, पसरट पातेलं, पाण्याचा कॅन, जाड हातमोजे, वही आणि पूर्ण चार्ज केलेला मोबाईल.

ठाण्याच्या आवारात

एकदा आम्ही दुपारी दीडला पोचलो. मे महिना होता. जप्त केलेल्या गाड्यांच्या रांगेत, टेम्पोच्या चाकाला साखळीने बांधलेला एक काळा कुत्रा होता. समोर बादली भरून पाणी. हवालदार खरंच काळजीत होते, म्हणाले, “ताई, सकाळपासून पाणी पिऊक नाय तो.” मी वाकून बघितलं. चावू नये म्हणून आणताना कोणीतरी त्याच्या तोंडाला सुतळीचे चार वेढे घातले होते आणि ते सोडायचं राहून गेलं होतं. सुतळी केसांत रुतल्यामुळे लांबून दिसतही नव्हती. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो तोंड उघडून धापा टाकतो, तेव्हाच त्याचं अंग निवतं. तोंड बांधून उन्हात ठेवलेला कुत्रा तासाभरात उष्माघाताने मरू शकतो. हवालदारांनी स्वतःच्या हाताने सुतळी कापली, पातेलं पुढे केलं, आणि तो एकदाही मान वर न करता पीत राहिला.

म्हणून पोचल्यावर पहिलं काम हे: तोंड मोकळं आहे का बघा. मग सावली, मग पाणी. मझल लागतच असेल तर ज्यातून धाप टाकता येते आणि पाणी पिता येतं असा जाळीचाच वापरा. बादलीपेक्षा पसरट भांडं बरं, घाबरलेला कुत्रा खोल भांड्यात डोकं घालत नाही.

त्यानंतर कागद. पंचनाम्यात ‘एकूण सात कुत्री’ एवढंच लिहिलं असेल तर तपासी अंमलदारांना नम्रपणे विनंती करा की प्रत्येकाचं वर्णन वेगळं येऊ द्या: रंग, नर की मादी, अंदाजे वय, खुणा, जखमा. तुम्ही स्वतःही प्रत्येकाचे दोन्ही कुशींचे, तोंडाचे, दातांचे, पंजांचे आणि जखमांचे फोटो घ्या. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून तपासणी आणि ओळखखूण करून घेणं, हे जप्त जनावरांच्या देखभालीसाठी २०१७ साली केंद्राने केलेल्या नियमांप्रमाणे जप्ती करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. ओळखीसाठी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची क्रमांकाची बारीक चिप) सगळ्यांत उत्तम. डागणं किंवा इजा होईल अशी कोणतीही खूण करायला या नियमांत मनाई आहे.

प्रथम खबर, पंचनामा, वैद्यकीय दाखला आणि ताब्याचा आदेश यांच्या प्रती हातात आल्याशिवाय कुत्रा गाडीत घेऊ नका. रात्र झाली, कोर्टाचा आदेश उद्या मिळणार असेल, तर निदान ठाणे अंमलदारांच्या सहीचं जावक क्रमांक घातलेलं पत्र घ्या. बिनकागदाचा कुत्रा उद्या मालक ‘चोरून नेला’ म्हणू शकतो, आणि कोर्टाच्या लेखी तो कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं.

पहिली रात्र आणि पुढचे चौदा दिवस

नव्या कुत्र्याला आल्या आल्या आंघोळ घालू नका, चार माणसांनी भोवती जमू नका. शांत कोपरा, अंथरूण, पाणी, आणि दारावर एका बाजूने चादर. तपमान बघता आलं तर बघा, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. हिरड्या गुलाबी हव्यात. त्या पांढऱ्या पडलेल्या दिसल्या तर सकाळची वाट बघू नका, कोकणात याचं पहिलं कारण गोचीडताप असतो. वजन करायला वेगळा काटा लागत नाही. कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा.

हाडं दिसणाऱ्या कुत्र्याला पाहून पातेलंभर भात घालावासा वाटतो. ती माया त्याच्या जिवावर बेतू शकते. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं की रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडतो आणि हृदय बंद पडू शकतं. मूठभर अन्न, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचं.

चौदा दिवस बाकीच्या कुत्र्यांपासून वेगळं ठेवा. वेगळी भांडी, वेगळा झाडू, आणि त्याचं काम सगळ्यांत शेवटी. पार्वो हा उलट्या-जुलाबांचा रोग पिल्लांना दोन दिवसांत नेतो, आणि त्याचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने तग धरतो. साध्या फिनाईलने तो मरत नाही. आधी फरशी धुऊन मग ब्लीच एकास तीस पाण्यात मिसळून दहा मिनिटं राहू द्यावं लागतं.

माणसांचंही सांगते. या कामाला रोज हात लावणाऱ्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी. तरीही चावलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. चावणारा कुत्रा दहा दिवस निरीक्षणाखाली राहिला पाहिजे, आणि ही नोंद तपासी अंमलदारांना कळवायची.

कोकणातली शेड

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात शेड कशी बांधलीय यावर निम्मी तब्येत ठरते. आमच्याकडे भिंती जांभ्या चिऱ्याच्या. दिसायला छान, उन्हाळ्यात गार. पण जांभ्याला भोकं असतात, आणि कुत्र्याच्या अंगावरची गोचीड रक्त पिऊन टम्म फुगली की खाली उतरते, भिंतीवर चढते आणि त्याच भोकांत अंडी घालते, एकेक मादी हजारांनी. आम्ही दोन पावसाळे कुत्र्यांवर औषधं मारत बसलो आणि गोचीड हटेना. शेवटी एका गवंडीकाकांनी बॅटरी लावून भिंत दाखवली. प्रत्येक भोकात मोहरीसारखी पिल्लं. मग आतल्या बाजूने पुरुषभर उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला, तेव्हा कुठे फरक पडला. तुमच्या शेडला कच्ची चिऱ्याची भिंत असेल तर पिंजऱ्यांच्या जाळीआधी गिलाव्यावर पैसे घाला. कुत्र्यांवरचं औषध दवाखान्यातून वजनाप्रमाणे घ्या आणि ठरल्या दिवशी पुन्हा द्या. एकदाच देऊन उपयोग नाही, मागे राहिलेली अंडी फुटत राहतात. दोडामार्ग, सावंतवाडीच्या पट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तोही गोचिडीतूनच येतो. तिथे कुत्र्यांना जंगलाच्या कडेला फिरवणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि घरी आल्यावर अंग तपासावं.

पावसाची झड नैऋत्येकडून येते. ती बाजू झापांनी (विणलेल्या झावळ्यांनी) किंवा ताडपत्रीने बंद करा, पण वरची हातभर जागा उघडी ठेवा, नाहीतर आत वाफ कोंडते आणि अमोनियाने कुत्र्यांचे डोळे लाल होतात. फरशीला उतार हवा आणि पन्हळ बाहेर काढलेली हवी. झोपायला जमिनीपासून वीतभर उंच फळी किंवा खाट द्याच. ओल्या फरशीवर झोपणाऱ्या कुत्र्याच्या कोपरांचे केस आधी जातात, मग कातडं जाड होतं, मग फुटतं. पावसाळ्यात पेंढा अंथरू नका, दोन दिवसांत बुरशी धरतो, आणि त्याखाली फुरसं, हा विषारी साप, येऊन बसलं तर दिसत नाही. जुन्या सुती साड्या सगळ्यांत चांगल्या: धुता येतात आणि चुलीवरच्या दांडीवर रात्रीत वाळतात. रोज एकदा बोटांच्या बेचक्या बघा, लाल दिसल्या तर कोरड्या फडक्याने टिपून डॉक्टरांना दाखवा.

उंदीर म्हणजे लेप्टो, लेप्टोस्पायरोसिस हा ताप. उंदराच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून कुत्र्याला आणि माणसाला. धान्य झाकणाच्या पिंपात ठेवा, रात्री भांड्यात उष्टं राहू देऊ नका, पाण्याची भांडी सकाळ-संध्याकाळ घासून भरा. कुत्र्यांच्या लसीत लेप्टो आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या. धुणाऱ्याने गमबूट घातल्याशिवाय शेडमध्ये उतरायचं नाही, पायाला चीर असेल तर अजिबातच नाही.

एप्रिल-मेमध्ये पत्र्यावर झाप टाका आणि दुपारी दोनदा पाणी मारा. गणपतीत आणि दिवाळीत फटाके वाजतात त्या रात्री कोणीतरी शेडवर झोपायला हवं.

खाणं

भात, नाचणी, उकडलेलं अंडं, कोंबडीचं मांस, भोपळा. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण नाही, मनुका-द्राक्षं-चॉकलेट नाही. मासळी बाजारातून फुकट मिळणारी डोकी उकडून, काटे काढून द्या. आमटीतलं उरलेलं कालवण देऊ नका. पिंजऱ्यातल्या कुत्र्याची जेवायची वेळ पाळा. त्याच्या दिवसात नक्की माहीत असलेली तेवढी एकच गोष्ट असते.

पिंजऱ्यात मन कसं मरतं

या भागावर मी रेंगाळणार आहे, कारण नवी माणसं इथेच चुकतात. जखम भरली, वजन वाढलं, लस झाली की सगळ्यांना वाटतं कुत्रा बरा झाला.

सुरंगी नावाची एक मादी आमच्याकडे आली. कागदावर तिला फक्त क्रमांक होता, नाव आमच्या पोरींनी ठेवलं. पहिला महिना ती दाराशी यायची, शेपूट हलवायची. तिसऱ्या महिन्यात ती गोल फिरायला लागली. डावीकडून चार पावलं, वळण, चार पावलं, वळण. फरशीवर तिच्या पायांची पुसट वाट उमटली होती. मी दार उघडलं तरी तिने फेरी पुरी केली आणि मग माझ्याकडे बघितलं. सगळे म्हणायचे, किती शांत आहे, भुंकतसुद्धा नाही. तिने बाहेरच्या जगाकडून काही मागणंच सोडून दिलं होतं, ही ती शांतता होती.

एकसारख्या फेऱ्या, पंजे चाटून चाटून लाल करणं, जाळीवर नाक घासून सोलवटणं, जेवण आल्यावरही न उठणं, किंवा उलट प्रत्येक आवाजावर अंगावर धावून जाणं, यातलं काहीही दिसलं की ते आजारपण समजा आणि त्याच दिवशी दिनक्रम बदला.

दिवसातून दोनदा, प्रत्येकी निदान अर्धा तास, दोरीला लावून बाहेर. कुंपणाच्या आत का होईना, पण मातीवर, गवतावर. त्याला हुंगू द्या, ओढत नेऊ नका, हुंगणं हेच त्याचं वर्तमानपत्र. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये, नेहमी साखळीवर किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने वाजवी व्यायाम न देणं हा स्वतंत्र गुन्हा सांगितलाय. ज्या जाचासाठी मालकाकडून कुत्रा काढून घेतला, तोच जाच आपल्या शेडमध्ये चालू राहता कामा नये.

पाऊस कोसळत असेल त्या दिवशी जेवण भांड्यात न देता गोणपाटाच्या घड्यांत लपवून द्या, शोधत बसतात. रोज एकच माणूस, एकाच वेळी, काही न मागता दहा मिनिटं पिंजऱ्यात नुसता बसला तरी भ्यालेला कुत्रा आठवड्याभरात जवळ येतो. दुसऱ्या कुत्र्याशी पटत असेल तर सोबत द्या. झुंजीतून आलेल्यांना मात्र एकमेकांसमोर ठेवू नका, मध्ये पत्रा किंवा भिंत हवी.

सुरंगीला आम्ही दुसऱ्या टोकाच्या पिंजऱ्यात हलवलं, जिथून स्वयंपाकघराचं दार दिसतं. सोळाव्या दिवशी भाताचा कुकर वाजला तेव्हा ती भुंकली. सगळ्यांनी हातातलं काम टाकून ऐकलं.

वही

प्रत्येक कुत्र्याचं वेगळं पान. तारीख, किती खाल्लं, शी कशी, किती वेळ बाहेर, औषध, आठवड्याचं वजन, वागण्यातला बदल, आणि कोणी सही केली. दर पंधरा दिवसांनी फोटो. प्रत्येक बिल तारखेनुसार फाईलला. ही वही कोर्टात तुमची आणि कुत्र्याची दोघांची बाजू मांडते. पिल्लं झाली, एखादा मेला, चावला, ऑपरेशन लागलं, तर त्याच दिवशी तपासी अंमलदारांना लेखी कळवा. नसबंदीसुद्धा कोर्टाला विचारूनच करा. मेलेल्या कुत्र्याचं शवविच्छेदन करून घ्या, तसाच पुरून टाकू नका.

फोटो सोशल मीडियावर टाकू नका. तो पुरावा आहे, आणि शेडचा पत्ता कळला की मालकाची माणसं रात्री येऊ शकतात.

कोर्ट

नवख्यांना वाटतं कोर्टाचं वकील बघतील. पण तारखेला कुत्र्याचा विषय कोणी काढलाच नाही तर तो निघत नाही. सरकारी वकिलांना आधी भेटा, वहीची एकपानी गोषवारा-प्रत हातात द्या.

माहीत असू द्या अशा गोष्टी: २०१७ च्या नियमांनुसार न्यायदंडाधिकारी देखभालीचा अंदाजे खर्च ठरवतात आणि आरोपी व मालकाला तीन दिवसांत त्या रकमेचं जामीनदारांसह बंधपत्र द्यायला सांगतात. दिलं नाही तर जनावरावरचा त्यांचा हक्क जातो. हा अर्ज पहिल्याच तारखेला व्हायला हवा. बऱ्याचदा तो कोणी करतच नाही आणि कुत्रा वर्षानुवर्षं अधांतरी राहतो. १९६० च्या कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे पोसण्याचा खर्च मालकाकडून वसूल होऊ शकतो, म्हणून बिलं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये, मुद्देमाल कोर्टासमोर आल्यापासून १४ दिवसांत त्याचं वर्णनपत्र करायचं, फोटो किंवा चित्रीकरण करायचं आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा किंवा ताब्याचा आदेश द्यायचा, अशी मुदत आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं होतं की जप्त वस्तू ठाण्यात पंधरा दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त पडून राहू नयेत. तिथे चर्चा वस्तूंची होती. जिवंत जनावरासाठी तोच मुद्दा किती जास्त लागू पडतो हे वकिलांना शांतपणे सांगा.

अर्जात नुसता ‘ताबा संस्थेकडे राहावा’ असं न लिहिता ‘संस्थेच्या देखरेखीखाली घरगुती सांभाळात ठेवण्याची परवानगी असावी’ असं मागा. फोटो, चिप क्रमांक आणि हजर करण्याची हमी जोडा. पिंजऱ्यापेक्षा एखाद्या घराची पडवी केव्हाही बरी, आणि पुरावा तेवढाच शाबूत राहतो.

१९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आजही १० ते ५० रुपये आहे. जनावराला ठार मारणं किंवा कायमचं जायबंदी करणं झालं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते लागू होण्यासारख्या जखमा असतील तर पहिल्या दिवसाचा वैद्यकीय दाखला नेमका हवा: कुठे, किती लांब, किती जुनी.

जायचा दिवस

आरोप सिद्ध झाला तर कुत्रा संस्थेकडे येतो आणि त्याला कायमचं घर शोधता येतं. आरोपी सुटला तर कुत्रा मालकाकडे परत जातो. तो दिवस जड असतो. तरीही आदेश पाळायचा, कुत्रा लपवायचा नाही. एकाने लपवला तर पुढच्या वेळी कोर्ट कोणत्याच संस्थेवर विश्वास ठेवणार नाही. पोच घ्या, वजन आणि तब्येतीचा दाखला त्याच दिवशीचा घ्या, म्हणजे पुन्हा हाल झाले तर तुलना करायला कागद असेल.

नव्या घरी जाणाऱ्यासोबत लसीचं पुस्तक, चिप क्रमांक, आठवड्याचं नेहमीचं खाणं, आणि तो कशाला घाबरतो ते स्वच्छ अक्षरात लिहिलेला कागद द्या. सुरंगीच्या कागदावर आम्ही लिहिलं होतं: ‘साखळीच्या आवाजाला भिते, दोरी वापरा. कुकर वाजला की भुंकेल, भुंकू द्या.’ तिची साडीची गोधडीही सोबत दिली. ती देताना धुऊ नका, ओळखीचा वास तेवढाच बरोबर जातो.